नगरसेवक नव्हते तेव्हा काय अडलं होतं म्हणे!

नेरुळकर_जुना:
परवा इथेच कुणीतरी लिहिलं, "नवी मुंबईत मे २०२० पासून नगरसेवक नव्हते. पाणी आलं, कचरा उचलला गेला. मग जानेवारी २०२६ मध्ये निवडणुकीचा तमाशा कशाला?" डोकं फिरलं म्हणून हा वेगळा धागा. राज्यघटनेचं कलम २४३ यू सांगतं, पालिकेची मुदत संपायच्या आत निवडणूक. इथे साडेपाच वर्षांहून जास्त काळ प्रस्ताव मांडणारा सरकारने नेमलेला प्रशासक, खर्चाला मंजुरी देणारी स्थायी समिती तोच आणि सगळ्या नगरसेवकांची महासभाही तोच. आपला पेपर आपणच तपासायचा!

घणसोली_गावठाण:
ते मीच लिहिलंय, आणि मागे घेत नाही. नगरसेवक होते तेव्हा आमच्या गल्लीतलं गटार तीनदा खोदलं, तीनदा बुजवलं. प्रशासकाच्या काळात एकदाच झालं, तेही झाकणांसकट. आणि उशीर आधी कोरोनाने, मग ओबीसी आरक्षणाच्या खटल्याने झाला. साहेबांनी खुर्ची ढापली नव्हती.

नेरुळकर_जुना:
ढापली असं कोण म्हणतंय? पण मे २०२५ मध्ये "निवडणुका घ्या" म्हणून सुप्रीम कोर्टाला दटावावं लागलंच ना? साहेब चांगला मिळाला हे तुमचं नशीब. उद्या वाईट आला तर झाकणं कुणाकडे मागाल?

ऐरोलीची_संध्या:
सत्तेला मर्यादा बघायची तर आमच्या सोसायटीत या. फ्लॅट भाड्याने दिला तर मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, हे सरकारने २००१ मध्येच ठरवलंय. आमची कमिटी सरसकट दोन हजार उकळते. सेक्रेटरी म्हणतो, "जनरल बॉडीत बहुमताने पास झालंय." ९० घरांत भाड्याने दिलेली सात. बाकीच्यांचे हात वर जाणार नाहीत तर काय!

फुकटचा_सेक्रेटरी:
ताई, रात्री अडीचला लिफ्ट अडकली की फोन मालकाला नाही, मला येतो. तुमचे भाडेकरू गाडी रॅम्पवर लावून जातात. या ना कमिटीत, कोणी अडवलंय?

ऐरोलीची_संध्या:
रॅम्पवरची गाडी चेअरमनच्या जावयाची असते हो, आमच्याकडे तरी. आणि लिफ्ट अडकते म्हणून नियम मोडायची मुभा मिळते?

फुकटचा_सेक्रेटरी:
मग बिनापगारी चेअरमन शोधा. शुभेच्छा.

नेरुळकर_जुना:
धागा पार्किंगमध्ये शिरला, धन्य! पण संध्याताईंनी माझंच म्हणणं सांगितलंय. निवडून आलेल्यांनाही वेसण लागते. सुप्रीम कोर्टाचा केशवानंद भारती खटल्यातला निकाल, १९७३, सात न्यायमूर्ती विरुद्ध सहा. संसदेला घटनेत बदल करता येतो, तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही.

घणसोली_गावठाण:
म्हणजे वेसण कोर्टाने घातली. नगरसेवकाने काय घातलं, खड्डे?

ऐरोलीची_संध्या:
आणि केशवानंद माझे दोन हजार परत देणार आहेत का?

नेरुळकर_जुना:
सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे लेखी द्या, पोच घ्या. घणसोली, कोर्टात सगळेच जाऊ शकत नाहीत. महासभेत उठून "हे बिल एवढं कसं?" विचारणारा एक तरी हवा की नको?

घणसोली_गावठाण:
विचारणारा हवा, बरं. एवढ्यावर उड्या मारू नका. ते गटार पुन्हा खोदलं तर माती तुमच्या दारात आणून टाकीन.