प्रतिसाद: लुईझियानाची दलदल एअरबोटीशिवाय

अमेरिकेतील लुईझियाना राज्याची दलदल पाहायला न्यू ऑर्लिन्सहून एअरबोटीची (मागे मोठा पंखा लावलेल्या सपाट बोटीची) अर्ध्या दिवसाची सहल पुरेशी आहे, असे मत येथे कोणीतरी मांडले आहे; ते मला तितकेसे पटत नाही, कारण त्या पंख्याच्या गोंगाटात कानांवर आवरण चढवून बसावे लागते आणि पक्षी तर आधीच उडून जातात. त्यापेक्षा त्याच राज्यातील ब्रो ब्रिज या गावाजवळच्या लेक मार्टिन या तळ्यावर जावे. तेथे वसंत ऋतूत सायप्रसच्या झाडांवर बगळे आणि गुलाबी चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी, रोझिएट स्पूनबिल) घरटी करतात, पाण्यातून वर आलेल्या गुडघ्यांसारख्या मुळांमधून कनू (अरुंद, हलकी होडी) हळूहळू वल्हवता येते आणि ओंडक्यावर ऊन खात पडलेला अ‍ॅलिगेटर (मगरीचा भाऊबंद) निवांत पाहता येतो. (जलपर्णीचा उपद्रव मात्र तेथेही आहे, पुणेकरांना परके वाटणार नाही!) अ‍ॅलिगेटरांच्या विणीच्या काळात बांधावरची पायवाट बंद ठेवतात, त्यामुळे उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.