सल्ला हवा: ब्राउझरमधलं रोजचं तेच तेच काम आपल्याच लॅपटॉपवर, कमी खर्चात, एआयकडून कसं उरकून घ्यावं?

अंबड_अकाउंट्स

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या युनिटचं ऑफिस बघते. अकाउंट्स, टेंडर, डिस्पॅचचे कागद, सगळं माझ्याच टेबलावर. निम्मी सकाळ ब्राउझरमध्ये ठरलेले क्लिक करण्यात जाते. त्यावर काही तोडगा आहे का?

सगळ्यात वैताग एका गिऱ्हाईक कंपनीच्या व्हेंडर पोर्टलचा. प्रत्येक बिल वेगळं उघडायचं, स्टेटस आणि माल स्वीकारल्याची तारीख बघायची, एक्सेलमध्ये भरायची. पोर्टल एका पानावर दहाच बिलं दाखवतं आणि एखादं बिल उघडून मागे आलं की थेट पहिल्या पानावर नेऊन सोडतं. मला सातव्या पानावरचं बिल हवं असतं! आमची उद्यम नोंदणी आहे, एमएसएमईडी कायद्यानुसार ४५ दिवसांच्या आत पैसे यायला हवेत. ते दिवस मोजायला ही तारीख लागतेच.

दुसरं, महाटेंडर्स आणि दोन-तीन नगरपरिषदांच्या साइट रोज चाळायच्या. सिंहस्थ जवळ आल्यापासून टेंडरांचा पाऊस आहे, त्यात पॅनेल-केबलचं आपल्या कामाचं एखादंच. तिसरं, दर महिन्याला जीएसटीचं टू-बी (सप्लायरांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) आणि खरेदी रजिस्टरची जुळवणी.

लॅपटॉप आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. शेठ महिन्याला पाचशे रुपयांच्या वर हलणार नाहीत आणि बिलांचा डेटा बाहेर जाऊ नये अशी त्यांची अट आहे. पायथन कॉलेजात शिकले होते, आता फक्त एक्सेल. एआय स्वतःच माउस हलवून कामं करतो असे व्हिडिओ बघितले. ते आपल्याला जमेल का?

सातपूर_शिफ्ट

ताई, व्हिडिओत दाखवतात ते खोटं नाही, पण तुमच्या पहिल्या कामाला त्याची गरज नाही. ते एजंट, म्हणजे स्वतः क्लिक करणारे एआय, प्रत्येक पावलाला अख्खं पान वाचतात, आता काय दाबायचं ते ठरवतात, दाबतात आणि पुन्हा पान वाचतात. तुमच्या पोर्टलात ठरवण्यासारखं आहे काय? रोज तोच मेनू, तेच बटण. एआयकडून एकदा स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून घ्या आणि रोज फक्त स्क्रिप्ट पळवा. स्क्रिप्टला टोकन (एआय मजकूर ज्या तुकड्यांत मोजतो ते) लागत नाहीत, महिन्याचं बिल येत नाही, डेटा लॅपटॉपवरच राहतो. शेठच्या दोन्ही अटी इथेच सुटल्या.

साधन म्हणाल तर प्लेराइट. मायक्रोसॉफ्टचं आहे, २०२० पासूनचं, ओपन सोर्स आणि फुकट. पायथनमधून चालतं. त्यात 'कोडजेन' नावाचा रेकॉर्डर आहे. तो सुरू केला की एक ब्राउझर उघडतो आणि शेजारी एक छोटी खिडकी. तुम्ही नेहमीसारखं काम करायचं. 'इन्व्हॉइस लिस्ट'वर क्लिक केलंत की शेजारच्या खिडकीत कोडची एक ओळ उमटते. स्क्रीनवरची जागा न धरता तो बटणाचं नाव धरतो, त्यामुळे उद्या बटण डावीकडून उजवीकडे गेलं तरी स्क्रिप्ट अडत नाही. नाव बदललं तर अडते, तेव्हा तेवढी ओळ दुरुस्त करायची.

रेकॉर्डिंग एकाच बिलाचं करा. मग तो कोड चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी कुणालाही द्या, फुकटचं खातं पुरतं. सांगताना मोघम नको. 'एक्सेलच्या अ रकान्यातले बिल नंबर एकेक करून घे, प्रत्येकासाठी हेच कर, स्टेटस ब मध्ये आणि तारीख क मध्ये लिही, दोन बिलांमध्ये चार सेकंद थांब, बिल सापडलं नाही तर तसं लिहून पुढे जा' इतकं स्पष्ट सांगा. थांबण्याचं विसरू नका. धडाधड पानं उघडलीत तर पोर्टल खातं लॉक करू शकतं.

एक गोष्ट आधीच बघा. रेकॉर्डर तुम्ही टाइप केलेला पासवर्डही कोडमध्ये जसाच्या तसा लिहून ठेवतो. एआयला कोड देण्याआधी पासवर्ड, कंपनीचं नाव, पोर्टलचा पत्ता, खरे बिल नंबर, सगळं खोडून खोटं काहीतरी टाका. लॉगिन आणि ओटीपी हातानेच करा. प्लेराइटला ते सेशन एका फाइलीत जतन करता येतं, संपेपर्यंत पुन्हा लॉगिन लागत नाही. मात्र ती फाइल ज्याच्या हातात, तो तुमच्या नावाने आत. ती व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ड्राइव्हवर टाकायची नाही.

तरीवाला

पायथनचं नाव काढलं की अर्धी जनता धागा बंद करते हो. ताई, विंडोज १० किंवा ११ असेल तर पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप फुकट मिळतं. रेकॉर्ड करा, ठोकळे जुळवा, एक्सेल वाचणं-लिहिणं आतच आहे. फुकटच्यात आपोआप ठरल्या वेळी चालत नाही, बटण आपण दाबायचं. सकाळी चहा ठेवताना एक बटण दाबायला कुणाची ना आहे? क्रोममध्येच काम उरकायचं असेल तर ऑटोमा नावाचं एक्स्टेंशन बघा, तेही ओपन सोर्स.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय कुणीच सांगितला नाही. त्या कंपनीच्या अकाउंट्सला फोन करा आणि 'सगळ्या बिलांचा रिपोर्ट एक्सेलमध्ये निघतो का' विचारा. बऱ्याच पोर्टलांत ती सोय कुठल्यातरी कोपऱ्यातल्या मेनूत दडलेली असते. निघत असेल तर वर लिहिलेलं सगळं बाद.

अंबड_अकाउंट्स

@तरीवाला फोन केला होता. 'आमच्याकडून दिसतं, तुमच्या लॉगिनला तो हक्क नाही' असं उत्तर मिळालं. मेल टाका म्हणाले, टाकलाय.

कांदेचाळ

मी पिंपळगाव बसवंतला एका व्यापाऱ्याकडे असतो. विषय तुमच्यासारखाच, फक्त माल वेगळा: लासलगाव, पिंपळगाव, सोलापूरचे भाव रोज एका तक्त्यात हवे असतात. आधी मीही साइटवरून ओढायचा विचार करत होतो. मग कळलं की केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इनवर बाजार समित्यांच्या रोजच्या भावांची एपीआय (प्रोग्रामला थेट डेटा देणारी सोय) आहे, नोंदणी केली की चावी फुकट मिळते. एक्सेलच्या पॉवर क्वेरीत (बाहेरचा डेटा ओढायची सोय) पत्ता टाकला आणि 'रिफ्रेश' दाबलं की किमान, कमाल, सर्वसाधारण भाव हजर. ना ब्राउझर, ना एआय. लिलाव संपून आकडे चढायला उशीर होतो तेवढा होतो, त्याला इलाज नाही.

म्हणून कुठल्याही साइटवर रोबोट सोडण्याआधी एपीआय, आरएसएस फीड (नव्या नोंदींची आपोआप मिळणारी यादी) किंवा डाउनलोडचं बटण आहे का ते बघावं.

गंगापूर_रोड_०७

एवढा उपद्व्याप कशाला? एखादा क्लाउडवरचा एजंट घ्या, मराठीत सांगा, तो सगळं करेल. पुढच्या वर्षी हे स्क्रिप्टवाले हसण्यावारी जातील.

गोदाकाठ

@गंगापूर_रोड_०७ डेटा बाहेर जाऊ नये असं ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. शिवाय फुकटच्या स्तरावर काय दिलं जातं तेही वाचावं. जेमिनी एपीआयच्या फुकट वापरात दिलेला मजकूर उत्पादनं सुधारायला वापरला जाऊ शकतो, हे गूगलच्याच अटींत आहे.

आता ताईंच्या दुसऱ्या कामाबद्दल, कारण लोकल, म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर चालणाऱ्या, एआयचा खरा उपयोग तिथे आहे. टेंडर आपल्या कामाचं आहे की नाही हे ठरवायला मजकूर समजावा लागतो. 'पॅनेल' हा शब्द शोधलात तर वकिलांच्या पॅनेलची जाहिरातही येते आणि सोलर पॅनेलचीही.

ओलामा हा असं एआय मॉडेल चालवणारा प्रोग्राम टाका. सात-आठ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे छोट्या आकाराचं) मॉडेल चार बिटांत आवळलं की साधारण पाच जीबीचं होतं, १६ जीबी रॅममध्ये बसतं. क्वेन किंवा जेम्मा हे मॉडेल घ्या. मराठी बऱ्यापैकी कळायला मला जेम्मा बरं वाटतं. ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे उत्तर रखडत येईल, पण रात्री वीस पीडीएफ लावून ठेवल्या तर घाई कुणाला आहे? विचारायचं इतकंच: हे काम इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल किंवा केबलचं आहे का, हो की नाही, आणि ज्या वाक्यावरून ठरवलं ते वाक्य जसंच्या तसं दे. ते वाक्य मागणं महत्त्वाचं. ते पीडीएफमध्ये सापडतं का हे स्क्रिप्टच तपासू शकते. सापडलं नाही तर मॉडेलने मनाने रचलंय. अनामत रक्कम आणि शेवटची तारीख मॉडेलच्या भरवशावर लिहायची नाही, ती आपल्या डोळ्यांनी बघायची.

दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, ओलामात मॉडेल एका वेळी किती मजकूर ध्यानात घेईल याची मर्यादा मुळात कमी ठेवलेली असते. लांब पीडीएफ दिली की जादाचा भाग गुपचूप कापला जातो, चूक दाखवत नाही, आणि माणूस मॉडेलला मूर्ख म्हणून मोकळा होतो. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा टोकन जास्त लागतात, त्यामुळे मराठी टेंडर आणखी लवकर कापलं जातं. ती मर्यादा वाढवा, त्याला रॅम लागते, किंवा पहिली चार पानंच द्या. कामाचं नाव तिथेच असतं.

दुसरं, नगरपरिषदांच्या पीडीएफ. काही नुसत्या स्कॅन केलेल्या, तर काही जुन्या बिगर-युनिकोड फाँटात. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, पण कॉपी करून पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांचा चिवडा. अशा फाइलींचं पान चित्र म्हणून घेऊन टेसरॅक्टने, म्हणजे चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामने, वाचून घ्यायचं. फुकट आहे, मराठीची फाइल वेगळी घालावी लागते.

महाटेंडर्सवर शोधताना कॅप्चा येतो. तो फोडायच्या भानगडीत पडू नका. स्क्रिप्ट तिथे थांबवा, कॅप्चा तुम्ही भरा, पुढचं तिला करू द्या.

सातपूर_शिफ्ट

गोदाकाठशी सहमत. तरी कुणाला लोकल मॉडेलवर ब्राउझर चालवणारा एजंट बघायचाच असेल तर ब्राउझर-यूज ही पायथनची लायब्ररी आहे, ओपन सोर्स, ओलामालाही जोडता येते. पण ग्राफिक्स कार्डाशिवायच्या लॅपटॉपवर एकेका क्लिकला मिनिटभर ताटकळाल, आणि छोटी मॉडेलं मध्येच भलतंच बटण दाबतात. मेनूतलं 'डिलीट' आणि 'डाउनलोड' शेजारी-शेजारी असतं, एवढं सांगून थांबतो.

एजंट चालवलाच तर वेगळ्या क्रोम प्रोफाइलमध्ये, जिथे मेल आणि बँक लॉगिन नाही. पानावर लपवून लिहिलेला मजकूरही एजंट सूचना समजून पाळू शकतो. क्रोमनेही २०२५ मध्ये, १३६ व्या आवृत्तीपासून, नेहमीच्या प्रोफाइलला बाहेरून डिबगिंग पोर्ट (दुसऱ्या प्रोग्रामने ब्राउझर चालवायची वाट) जोडणं बंद केलं, कारण त्या वाटेने कुकीज, म्हणजे लॉगिनच्या खुणा, चोरल्या जात होत्या.

शरणपूर_रोड_सीए

तिसऱ्या कामाला एआय लावू नका. टू-बी १४ तारखेला तयार होतं, पोर्टलवरून एक्सेलमध्ये उतरतं. लॉगिन महिन्यातून एकदा, त्यासाठी रोबोट कशाला? खरेदी रजिस्टर आणि टू-बी दोन्ही पॉवर क्वेरीत घ्या, जीएसटी नंबर आणि बिल नंबर जोडून एक किल्ली बनवा, मर्ज करा.

खरी डोकेदुखी बिल नंबरांची. सप्लायर '००४५' भरतो, तुमच्याकडे '४५' असतं. किंवा '५-२४' लिहिलं की एक्सेल त्याची मे महिन्याची तारीख करून टाकतं. तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून घ्या, सुरुवातीचे शून्य काढा. तरी उरतील ती बिलं करपात्र रकमेवरून हाताने जुळवा. आकड्यांची जुळवणी भाषेच्या मॉडेलला दिली तर तो 'जुळलं' असं आत्मविश्वासाने सांगतो, आणि नोटीस आली की उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

डिजिटल सही, ओटीपी, बँकेची साइट, रिटर्न भरण्याचं शेवटचं बटण, ही चार ठिकाणं कुठल्याही स्क्रिप्टच्या हातात द्यायची नाहीत. शेठनी आग्रह धरला तरीही.

अंबड_अकाउंट्स

सगळ्यांचे आभार. मेलला अजून उत्तर नाही, म्हणून कोडजेन करून बघितलं. बिलाचं स्टेटस एक्सेलमध्ये यायला लागलंय, पानांची उलटापालट स्क्रिप्टच करते! दोन शंका आहेत. बिलासोबतची जीआरएनची (माल मिळाल्याच्या नोंदीची) पीडीएफ डाउनलोड होताना दिसते, पण नंतर कुठेच सापडत नाही. आणि तारखेचा फिल्टर मी रेकॉर्ड करताना निवडलेल्याच दिवसावर अडकून बसलाय.

सातपूर_शिफ्ट

पहिलं: प्लेराइट डाउनलोड तात्पुरत्या जागी ठेवतं आणि ब्राउझर बंद झाला की पुसून टाकतं. डाउनलोड झाल्यावर 'सेव्ह अ‍ॅज'ची ओळ घालावी लागते. फाइलला बिल नंबरचंच नाव द्या, नंतर शोधाशोध नको.

दुसरं: रेकॉर्डरने कॅलेंडरमधला तो आकडा दाबल्याचं लिहून ठेवलंय. ती ओळ काढून आजच्या तारखेवरून साठ दिवस मागची तारीख काढायला एआयला सांगा, आणि कॅलेंडर न उघडता चौकटीत थेट टाइप करता येते का बघा. काही पोर्टलं टाइप करू देत नाहीत, तसं असेल तर सांगा.

अंबड_अकाउंट्स

टाइप करू देतं, झालं! पीडीएफपण आल्या. आता हे रोज साडेनऊला आपोआप चालवायचंय. पण शनिवारी आमच्याकडे लाइटची बोंब असते, लॅपटॉप बंद राहिला तर तो दिवस चुकेल का?

सातपूर_शिफ्ट

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये लावा. 'सेटिंग्ज'च्या टॅबमध्ये, ठरलेली वेळ हुकली तर जमेल तितक्या लवकर चालवा अशा अर्थाची एक चौकट आहे, तिच्यावर टिक करा. लॅपटॉप चालू झाला की चालेल. आणि 'कंडिशन्स'मध्ये फक्त चार्जर लावलेला असतानाच चालवा अशी टिक आधीपासून असते, ती काढा. नाहीतर लाइट नसताना बॅटरीवर ते सुरूच होणार नाही.

सेशन संपलं असेल तर स्क्रिप्टने लॉगिनचं पान ओळखून थांबावं आणि तुम्हाला सांगावं, एवढं त्यात घालून घ्या. नाहीतर सगळ्या बिलांपुढे 'सापडलं नाही' लिहून ठेवेल.