किनेसिऑलॉजीची डिग्री म्हणजे आरएसीचं तिकीट?

सांगलीचा_पाहुणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही कॅनडात मिसिसागाला राहतो, ऑन्टारिओ प्रांतात. मुलगी बारावीत आहे. बायो, केमिस्ट्री, फंक्शन्स सगळं घेतलंय, मार्क चांगले आहेत. आणि तिने पहिली पसंती दिली आहे किनेसिऑलॉजीला, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्राला. दोन विद्यापीठांच्या ऑफर आल्या आहेत आणि जूनच्या सुरुवातीला होय-नाही कळवायचं आहे.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर झोडा. ही डिग्री म्हणजे आरएसीचं तिकीट आहे. गाडीत चढता येतं, पण बर्थ मिळेलच असं नाही. पोरं चार वर्षं ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोमेकॅनिक्स घोकतात आणि मग सगळी एकाच दारात उभी राहतात: फिजिओथेरपीचं मास्टर्स. ऑन्टारिओत तो कोर्स आहे पाच विद्यापीठांत, त्यातलं ओटावाचं फ्रेंचमधून. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. आत गेला तो फिजिओ. बाहेर राहिला तो जिममध्ये लोकांना स्क्वॉट शिकवतो. त्यासाठी चार वर्षांची विद्यापीठाची फी?

हेच आम्ही सांगलीत असतो तर बारावीनंतर थेट बीपीटी ही पदवी करून पोरगी फिजिओथेरपिस्ट झाली असती. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पीटीची मास्तरीण होणार का ती?" मला उत्तर देता आलं नाही, हे खरं दुखणं.

टाचदुखी

भाऊ, तुमच्या निष्कर्षाशी सहमत, पण वाटेत एक खड्डा आहे तो आधी बुजवतो. मी पुण्यातून बीपीटी केलेला फिजिओ, आता तुमच्याच भागात. बीपीटी करून इथे आलं की लगेच फिजिओ होत नाही. आधी डिग्री तपासून घ्या, मग परीक्षा. त्या काळात मी दीड वर्ष एका क्लिनिकमध्ये सहाय्यक होतो. बर्फाच्या पिशव्या भरायच्या, मशीनच्या वायरी लावायच्या, टॉवेल बदलायचे. तेव्हा "सांगलीत असतो तर" हे सोडून द्या.

आता मूळ मुद्दा. त्या क्लिनिकमध्ये माझ्या शेजारी टॉवेल बदलायला कोण होतं? किनेसिऑलॉजीची पदवी घेतलेली दोन मुलं. मी परदेशी डिग्रीमुळे तिथे होतो, ती इथलीच डिग्री घेऊन. निदान करून रुग्णाला सांगण्याचा अधिकार इथे फिजिओला आहे, किनेसिऑलॉजिस्टला नाही. सरकारी आरोग्य विमा त्यांच्या सेवेचे पैसे देत नाही. खाजगी विम्यात कुणाच्या पॉलिसीत ते असतात, कुणाच्या नसतात. फिजिओ व्हायचं असेल तर हा रस्ता ठीक, पण मास्टर्सचा दरवाजा उघडला नाही तर काय, हे आधी ठरवून ठेवा. आरएसी उपमा शंभर टक्के बरोबर.

वरणफळं

टाचदुखी, तुम्ही ज्या दोघांना पाहिलंत त्यांच्याकडे पदवी होती, पण ते नोंदणीकृत होते का? हा फरक या धाग्यावर कुणालाच माहीत नाही असं दिसतंय, म्हणून जरा लांबड लावते.

मी हॅमिल्टनला नोंदणीकृत किनेसिऑलॉजिस्ट आहे, आठ वर्षं झाली. ऑन्टारिओत यासाठी २००७ चा कायदा आहे आणि १ एप्रिल २०१३ पासून परीक्षा देऊन नोंदणी केल्याशिवाय स्वतःला किनेसिऑलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही. कॅनडात असं करणारा हा पहिला प्रांत. नोंदणी करणाऱ्या संस्थेचं नाव "कॉलेज ऑफ किनेसिऑलॉजिस्ट्स". माझ्या सासऱ्यांना वाटलं सून पुन्हा कॉलेजला जायला लागली. इथे कॉलेज म्हणजे नियामक मंडळ. तक्रार आली तर चौकशी करणारं, प्रसंगी परवाना काढून घेणारं.

आता काम. परवाचंच सांगते. गोदामात काम करणारा माणूस, खांदा गेलेला, तीन महिने घरी. डॉक्टर म्हणतात हलकं काम द्या. मालक म्हणतो माझ्याकडे हलकं काम नाही. दोघंही खरं बोलतात आणि माणूस घरी बसून राहतो. मी तिथे जाते. खोक्याचं वजन करते, फळीची उंची मोजते, ढकलगाडी हलवायला किती जोर लागतो ते फोर्स गेजवर बघते, तासाला किती वेळा हात खांद्याच्या वर जातो ते मोजते. मग कागदावर लिहून देते: खालच्या दोन फळ्यांचं काम हा आजपासून करू शकतो, वरच्या फळीचं सहा आठवड्यांनी बघू, आणि ढकलगाडीची चाकं बदला, कारण अर्धा जोर त्या चाकांपायीच जातोय. त्या चाकांवर मालकाशी तासभर वाद झाला. माणूस सोमवारी कामावर गेला.

यात निदान कुठेच नाही. ते डॉक्टरांनी आधीच केलंय. माझं काम त्याच्या पुढचं. पगार फिजिओपेक्षा कमी आहे, हे लपवत नाही. पहिली दोन वर्षं कंत्राटी कामांवर काढली, तेही लपवत नाही. पण मी कुणाच्या दारात ताटकळत उभी नव्हते. मी फिजिओच्या कोर्सला अर्जच केला नव्हता.

लिंबूसरबत

मला वाटायचं किनेसिऑलॉजी म्हणजे हात दाबून ॲलर्जी सांगतात ते! माझी नणंद गेली होती. एका हातात बटाटा धरायला दिला, दुसरा हात दाबला, हात खाली गेला तर म्हणे बटाटा बंद. पैसेही बरेच घेतले.

वरणफळं

लिंबूसरबत, हात जोडते. ते "अप्लाइड किनेसिऑलॉजी", १९६४ साली जॉर्ज गुडहार्ट नावाच्या एका कायरोप्रॅक्टरने, म्हणजे हाताने मणके बसवणाऱ्याने, काढलेलं. नाव सारखं, नातं काही नाही. हातात काय आहे हे कळू न देता चाचण्या घेतल्या की त्याचे निकाल नाणं उडवल्यासारखे येतात. नणंदेला म्हणावं बटाटा खा.

शंकासुर

गोदामातलं काम मान्य. ते इंजिनिअरिंगसारखं आहे, मोजता येतं. माझा आक्षेप जोडीच्या शब्दाला आहे. अनेक विद्यापीठांत हा विषय "हेल्थ प्रमोशन"सोबत जोडून शिकवतात. केंटकी विद्यापीठात तर विभागाचं नावच "किनेसिऑलॉजी अँड हेल्थ प्रमोशन". आरोग्य संवर्धन म्हणजे शेवटी काय? जिने चढा, मीठ कमी खा, अशी पोस्टर्स. लिफ्टच्या शेजारी लावलेली. माझ्या ऑफिसात आहेत. लिफ्टची वाट बघताना आम्ही ती वाचतो.

आणि या विषयाचा पायाच बघा. १९५३ चा जेरेमी मॉरिस यांचा लंडनच्या डबलडेकर बसचा अभ्यास. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसाला पाच-सहाशे पायऱ्या चढणारा, ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त. म्हणून हालचाल चांगली. पण नंतर गणवेशाची मापं तपासली तेव्हा कळलं की तरुण ड्रायव्हरांच्या पँटीचा कंबरघेरही कंडक्टरांपेक्षा मोठाच. म्हणजे जाड माणसं आधीच स्टिअरिंगकडे जात होती! बसने जाड केलं की जाडांनी बस निवडली? अशा पायावर चार वर्षांची डिग्री?

उंबराचं_फूल

पँटींचा किस्सा आवडला. पण तो कुणी छापला हे सांगायचं राहिलं. मॉरिस यांनीच, १९५६ साली, "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात. आपल्याच निष्कर्षाला टाचणी लावणारा कागद माणूस स्वतः छापतो, आणि मग पुढची कित्येक वर्षं ऑफिसात बसणाऱ्या सरकारी नोकरांचा फावल्या वेळचा व्यायाम तपासत राहतो. तिथेही जोमाने व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार कमी. आमच्या वर्गात दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्राच्या तासाला हाच किस्सा शिकवला. तुम्हाला जे भगदाड वाटलं तो आमच्या अभ्यासक्रमात धडा आहे.

पोस्टर्सबद्दल. १९८६ मध्ये ओटावात जागतिक आरोग्य संघटनेची परिषद झाली, तिथल्या जाहीरनाम्याला ओटावा चार्टर म्हणतात. त्यात पाच कामं सांगितली आहेत. माणसाला माहिती आणि कौशल्यं देणं हे त्या पाचांतलं एक. उरलेली चार म्हणजे धोरणं, भोवतालची परिस्थिती, वस्तीचा सहभाग आणि दवाखान्यांची दिशा बदलणं. पोस्टर स्वस्त पडतं म्हणून ऑफिसं तेवढंच करतात.

माझं काम स्कारबरोत, दक्षिण आशियाई बायकांच्या गटासोबत. मधुमेह घरोघरी. "आठवड्याला दीडशे मिनिटं चाला" हे प्रत्येकीला पाठ आहे. चालत कुणीच नव्हतं. विचारलं तेव्हा कारणं निघाली: जानेवारीत फुटपाथवरचा बर्फ काढलेला नसतो, एकदा पडलेली बाई पुन्हा बाहेर पडत नाही. पोहायला बायकांची वेगळी वेळ आहे, पण ती दुपारी, नातवंडं शाळेतून येण्याच्या वेळेला. आम्ही सहा महिने वेळ बदलण्यामागे लागलो. इतकंच. व्यायामाचं एक अक्षर शिकवलं नाही.

आणि हे आपल्या लोकांना जास्त लागू आहे, शंकासुर. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाचा. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. वजनात एवढा फरक, पण चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही, कमी पडले ते स्नायू. पुढे २००४ मध्ये त्यांनी एका इंग्रज सहकाऱ्यासोबत स्वतःचाच फोटो "लॅन्सेट"ला दिला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी इंग्रजाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाटा बघून "मी बारीक आहे, मला काय होतंय" म्हणणारे काका प्रत्येक मंडळाच्या गणपतीत भेटतात. त्यांना तपासणीला पाठवणं हे कुणाचं तरी काम आहे ना?

शंकासुर

पोहण्याच्या वेळेचा मुद्दा घेतला. पण मग ते नगरसेवकाचं काम झालं. त्याला डिग्री कशाला?

उंबराचं_फूल

नगरसेवकाने विचारलं, "किती बायका येतील?" तेव्हा आकडा द्यावा लागला. आकडा कसा काढायचा, हे शिकायला.

निवृत्त_पीटी_सर

सर्वांना नमस्कार. धागाकर्त्यांच्या मातोश्रींचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. मी पीटीचा मास्तर होतो, ३१ वर्षं, जिल्हा परिषद आणि नंतर खाजगी शाळेत.

"पीटीची मास्तरीण होणार का" यात कमीपणा कुठून आला ते मला माहीत आहे. आमचा तास गणिताच्या सरांचा पोर्शन पूर्ण करण्यासाठी होता. दहावीला तर वेळापत्रकात फक्त नाव. मी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयात शिकलो. ही संस्था १९१४ ची. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी तिथली मुलं जाऊन मल्लखांब, कबड्डी दाखवून आली. आम्हाला शरीररचना होती, व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र होतं, "किनेसिऑलॉजी" नावाचा पेपरसुद्धा होता, हो. खांद्याचे स्नायू आजही झोपेत सांगेन. नोकरीत त्याचा उपयोग शिट्टी वाजवण्यापुरता आणि १५ ऑगस्टच्या कवायतीपुरता झाला. तेव्हा ज्ञान असून चालत नाही, ते वापरू देणारी जागा लागते. तिथे कायदा आहे, नोंदणी आहे असं वरणफळं ताई सांगतात. आमच्याकडे जिममध्ये दंड फुगवून उभा राहिला तो ट्रेनर. भाऊ, मुलीला अडवू नका, पण तिथे जागा आहे का एवढं नक्की बघा.

टाचदुखी

सर, +१. तेच म्हणतोय मी. कायद्याने नाव राखून ठेवलं, काम राखून ठेवलेलं नाही. "किनेसिऑलॉजिस्ट" म्हणवून घेता येत नाही एवढंच. गोदामात जाऊन फळीची उंची मोजायला आणि व्यायाम शिकवायला कुणालाही मुभा आहे. फिजिओचं तसं नाही, काही कामं कायद्याने आमच्यासारख्या ठरावीक लोकांनाच करता येतात. बाजारात किंमत त्याची असते. वरणफळं ताईंनी याचं उत्तर द्यावं.

वरणफळं

उत्तर नाही. मुद्दा खरा आहे आणि आमच्या व्यवसायाची ती दुखरी नस आहे. मालकाला स्वस्तातला माणूस घेता येतो आणि काही जण घेतातही. माझा अहवाल विम्याच्या वादात टिकतो, त्यामागे नोंदणी आणि जबाबदारी असते, म्हणून मला बोलावतात. पण दरवेळी नाही.

एक मात्र सांगते. विद्यापीठ निवडताना को-ऑप आहे का ते बघा. वॉटर्लूचा विभाग १९६७ चा, जगातला पहिला किनेसिऑलॉजी विभाग अशी त्यांची ओळख. तिथे को-ऑपमध्ये शिकतानाच महिनोन्महिने पगारी काम करता येतं. चौथ्या वर्षी बाहेर पडताना हातात अनुभव असलेल्या आणि नसलेल्या मुलांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. तुम्ही क्लिनिकमध्ये पाहिलेली ती दोघं बहुधा दुसऱ्या गटातली.

सांगलीचा_पाहुणा

सगळ्यांचे आभार. काल रात्री हा धागा लेकीला वाचून दाखवला. तिला बोललेलं सगळं कळतं, पण देवनागरी वाचता येत नाही. तासभर लागला. पँटींवर खूप हसली. पीटी सरांचं वाचताना गप्प झाली.

मग आरएसीची उपमा समजावून सांगितली. आरएसी म्हणजे काय इथपासून सुरुवात. बाजूचा बर्थ, दोघांत एक, कुणी रद्द केलं तर पूर्ण मिळतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण बाबा, मला त्या गावाला जायचंच नाहीये." फिजिओ व्हायचं आहे असं ती कधी म्हणालीच नव्हती. ते मीच मनात धरून चाललो होतो.

दोन वर्षं ती इथल्या पालिकेच्या तलावावर लाइफगार्ड आहे आणि शनिवारी सकाळी म्हाताऱ्या माणसांचा पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग घेते. मी त्याला पॉकेटमनीचं काम समजत होतो. तिने वही दाखवली. कोण किती वेळ एका पायावर उभं राहू शकतं, सप्टेंबरात किती, मार्चमध्ये किती. बावीस माणसं. कुणी सांगितलं नव्हतं लिहायला.

माझं मत बदललं असं समजू नका. टाचदुखींचा शेवटचा मुद्दा मला झोपू देत नाही, आणि आता फिजिओची शिडीही तिने काढून घेतली म्हटल्यावर काळजी वाढलीच आहे. वरणफळं ताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. शनिवारी दुपारी दहा मिनिटं फोनवर बोलाल का? प्रश्न लिहून ठेवले आहेत.

वरणफळं

बोलू की. तीननंतर करा. आणि भाऊ, फोन लागला की तिच्याकडे द्या.