नवरीने लालच का नेसावं?

तांबडमाती: लाल हाच सौभाग्याचा रंग. आपल्याकडच्या मुली पिवळ्या-हिरव्यात लग्नाला उभ्या राहतात, ते अर्धवट दिसतं. पांढरं तर परक्यांचं आणि अशुभ.

काठपदर: हे वाचून गप्प बसवेना. गौरीहरापुढे मामाकडची पिवळी अष्टपुत्री, हातात हिरवा चुडा, मग सासरचा शालू. यात अर्धवट काय? आणि लाल म्हणजे सौभाग्यच असेल, तर ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेला नेसवायचे ते आलवण कुठल्या रंगाचं होतं? लालच. त्याच रंगात एकीला मिरवलं आणि दुसरीला कोपऱ्यात बसवलं.

तांबडमाती: आलवण ही सक्ती होती, लग्नाशी तिचा काय संबंध? बाकी सगळीकडे नवरी लालच नेसते.

उभाआडवा: सगळीकडे? गुजराती नवरी मांडवात येते ती पानेतर नेसून. तेही मामाकडचंच, अंग पांढरं आणि काठ तेवढे लाल. लाल घरचोळं सासरकडून येतं. केरळात सोनेरी काठाचं कोरं पांढरं नेसायची रीत आहे. आणि साहेबाकडेही पांढरं फार जुनं नाही. व्हिक्टोरिया राणीने १० फेब्रुवारी १८४० ला पांढरं सॅटिन घातलं, त्यानंतर ती चाल पसरली. त्याआधी तिथल्या मुली असेल त्यातला चांगला रंगीत पोशाख घालून लग्नाला उभ्या राहत.

रंगारी: अर्थावर भांडताय, पण रंग टिकतो का ते कोणी बोलत नाही. ‘अस्सल हळदीत रंगवलेली अष्टपुत्री’ म्हणून दाम दुप्पट लावतात, याची मला चीड आहे. हळदीचा पिवळा उन्हात उडतो. साबण किंवा सोडा लागला की तिथे तांबडे डाग पडतात. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू करतात तेही याच गुणावर.

हळदुली: तुरटी दिली की टिकतो. उगाच घाबरवू नका.

रंगारी: तुरटीने रंग खुलतो, पण ऊन सोसत नाही. पिवळा टिकवायचा तर डाळिंबाची साल घ्या. अर्धा किलो रेशमाला ७५ ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून कापड रात्रभर भिजवा. सालीचा काढा गाळून थंड करा, त्यात कापड घालून हळूहळू तापवा आणि तासभर ठेवा. उकळी येऊ देऊ नका, रेशमाची चकाकी जाते. लोखंडी भांडं तर नकोच, लोह उतरलं की पिवळ्याचा मळकट हिरवा होतो.

हळदुली: सालीचा पिवळा मातकट येतो. अष्टपुत्रीला हळदीचा झळझळीतच हवा.

रंगारी: झळझळीत हवा तर सरळ रासायनिक पिवळा घ्या आणि तसं सांगून विका. हिरव्याचंही तेच. आधी नीळ, वर हळद असा हिरवा केला, तर हळद उडते आणि शालू निळसर पडतो.

तांबडमाती: पानेतरचं मान्य, ते ध्यानात नव्हतं. पण पिवळं नेसून वर इतकी कटकट सोसायची, त्यापेक्षा लाल बरं.

रंगारी: लालची कटकट जास्त. गडद लालमध्ये जादा रंग बऱ्याचदा नीट धुतलेला नसतो, तो घामाने फिक्या काठात उतरतो. घेण्याआधी पांढरा सुती रुमाल ओला करून पदराच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट दाबा. रुमाल गुलाबी झाला, तर ती साडी परत ठेवा. मिठाच्या पाण्यात बुडवून पक्की होईल असं दुकानदार म्हणेल, पण रेशमाचा सुटणारा रंग मिठाने पक्का होत नाही.