नांगरटीसाठी सेकंडहँड बागेचा ट्रॅक्टर घेताना काय पाहावे?

प्रश्न: गवत कापण्याबरोबरच लहान नांगर ओढणे आणि मातीने भरलेली ट्रॉली चढावर नेणे, ही कामे मला करायची आहेत. पाहिलेल्या दोन जुन्या यंत्रांपैकी एकाचे इंजिन २२ अश्वशक्तीचे, तर दुसरे बरेच जुने, वजनदार आणि १६ अश्वशक्तीचे आहे. कोणते घ्यावे?

पहिले उत्तर: अश्वशक्तीच्या आकड्यावर जाऊ नका. केवळ गवत कापण्यासाठी बनवलेल्या ट्रॅक्टरचा मागचा गिअरबॉक्स हलका असतो आणि नांगराच्या सततच्या ओढीने तो इंजिनाच्या कितीतरी आधी निकामी होतो. चासीचा पत्रा जाड आहे का, पुढचा आस बिडाचा आहे का आणि मागची चाके नटबोल्टने बसवलेली आहेत का, हे वाकून पाहा. माझा कौल १६ अश्वशक्तीच्या वजनदार यंत्राला.

दुसरे उत्तर: सहमत आहे, मात्र गिअर हायड्रोस्टॅटिक (पंपाने दाबलेल्या तेलाच्या जोरावर चाके फिरवणारा) असेल, तर यंत्र थंड असताना घेतलेली चाचणी फसवी ठरते. अर्धा तास चालवून तेल तापू द्यावे आणि मग चढावर न्यावे. तिथे वेग मंदावला, तर पंप झिजलेला आहे असे समजावे. (मी हीच चाचणी टाळली होती.)

प्रश्नकर्ता: यंत्र किती तास चालले हे दाखवणाऱ्या मीटरवर फक्त ३०० तास दिसतात, त्यावर विश्वास ठेवावा का?

पहिले उत्तर: मीटर बदलता येतो. पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल आणि स्टिअरिंग ढिले असेल, तर आकडा बाजूला ठेवा.