मदत हवी आहे: 'कॉन्स्टान्शिया' हे नाव कशावरून पडले?

केपटाऊनजवळील ग्रूट कॉन्स्टान्शिया या डच वसाहतकालीन द्राक्षमळ्यावर मी टिपण लिहीत असून नावाच्या व्युत्पत्तीपाशी अडलो आहे. ही जमीन 1685 मध्ये केपचे कमांडर सिमॉन व्हान डर स्टेल यांना डच ईस्ट इंडिया कंपनीचे आयुक्त व्हान रेडे यांनी दिली. (मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' सिद्ध करवून घेणारे आणि सुरतेत चिरविश्रांती घेणारे ते हेच.) व्हान डर स्टेल यांच्या पत्नीच्या नावावरून हे नाव पडल्याची समजूत मी बाद केली आहे, कारण तिचे नाव योहाना याकोबा सिक्स होते. उरतात दोन मते: कंपनीचे अधिकारी व्हान गून्स यांच्या कॉन्स्टान्शिया नावाच्या मुलीवरून, किंवा 'स्थैर्य, निष्ठा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. मला दुसरे अधिक संभाव्य वाटते. पण वाटण्याला पुरावा म्हणता येत नाही.

'ग्रूट' म्हणजे थोरले, हे विशेषण 1712 मध्ये व्हान डर स्टेल वारल्यानंतर झालेल्या वाटणीमुळे लागले, त्यामुळे तो भाग सोडून द्यावा. पर्यटन-पत्रके पाहून झाली आहेत. मला डच येत नाही, मात्र मूळ मजकुराचे इंग्रजी भाषांतर चालेल. तेव्हा नेमका प्रश्न असा, की दानपत्रात किंवा व्हान डर स्टेल यांच्या हयातीतील एखाद्या पत्रात या नावाचे कारण नोंदलेले कोणाच्या वाचनात आले आहे का?