अनुभव धागा: पालिकेच्या बागा आणि त्यामागचा कारभार

रानजाई
राणीच्या बागेला बुधवारी सुट्टी असते हे विसरून पाहुणे फाटकावरून परत आले, आणि जुना विषय निघाला. मुंबईपुरतं सांगते. बाग उद्यान खात्याची, पाण्याची जोडणी जल खात्याची, दिवे विद्युतवाल्यांचे. एकाच अर्जात तिन्ही कोंबलंत की अर्ज टेबलं मोजत फिरतो. पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तीन वेगळ्या तक्रारी, तीन क्रमांक. बागेच्या नावासोबत वॉर्डही सांगा. तुम्हीही लिहा.

खुरपं
हिरवळ! उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ५ लिटर धरा. एकर म्हणजे साधारण ४००० चौ. मी., म्हणजे २०,००० लिटर, दहा हजारी दोन टँकर. रोज! म्हणून कडेची आधी पिवळी पडते, पाईप पोचत नाही तिथवर. आणि लव्हाळा वरून उपटू नका हो, खालच्या गाठी तशाच राहतात, आठवड्यात परत हजर.

पेठेतली_मोगरा
पाईप पोचतो, दाब पोचत नाही. मोटार एक, नळ्या चार, चारही एकदम चालू 😄

खुरपं
@मोगरा हे मात्र खरं. आळीपाळीने सोडायचं माळ्याला माहीत असतं, मुकादमाला घाई असते.

आडवी_फांदी
छाटणीवर कुणीच नाही? मोठी फांदी एका घावात तोडली की खालची साल सोलत खोडापर्यंत येते. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून एकतृतीयांश काप, मग त्याच्या किंचित पुढे वरून. ओझं उतरलं की उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर कापायचा, खोडाला घासून नाही. ते कडंच जखम भरतं. आणि सोसायटीच्या आवारातलं झाड असलं तरी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष.

चौपाटीकर
हँगिंग गार्डन, १८८१. खाली जलाशय आहे, वर मातीचा थर. छतावर वडपिंपळ लावाल तर मुळं थेट पाण्यात! म्हणून मधे कातरलेली झुडपं. गच्चीवर बाग करणाऱ्यांनी हेच ध्यानात ठेवा.

दोन_मुलांची_आई
भात चढवून लिहितेय. झोपाळ्याची साखळी बघू नका, वरची कडी बघा. जिथे घासते तिथली सळई पातळ होते, रंगाखाली दिसत नाही. हाताने फिरवून खाच लागली की बदलायला सांगा. काम नवं असेल तर दोषदायित्व कालावधी विचारा, त्यात दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने. खालची वाळू किमान फूटभर आणि महिन्यातून एकदा उकरलेली. दगड झालेली वाळू काय कामाची?

चौपाटीकर
मांजरींनाही ती वाळू फार आवडते 🙈

पेठेतली_मोगरा
लाफ्टर क्लबचा आवाज कमी करायचा अर्ज कुठल्या खात्यात?

रानजाई
जल खात्यात. पाणी सोडा म्हणावं.

आडवी_फांदी
🤣 बरं, पालापाचोळा कुणी जाळत असेल तर थांबवा. मीटरभर खोल खड्डा, वीतभर पानं, वर शेणकाला, परत पानं. पंधरा दिवसांनी उलथायचं. मुठीत दाबून थेंब गळला तर पाणी जास्त. वर्षावृक्षाची पानं लवकर कुजतात, बदामाची जाड पानं आधी चुरून टाका.

दोन_मुलांची_आई
शेण कुठून आणायचं दादरात? भात लागला वाटतं, आले.